रविवारी जेवायला दोन डॉक्टर

एफी गॅलब्रेथ लाखेची कांडी शोधायला नवऱ्याच्या जुन्या खोलीत गेली आणि तिथे तिला ती वही दिसली.

खोली आता अ‍ॅलिस्टरची होती. अ‍ॅलिस्टर म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा, मर्डोकचा मुलगा. नवऱ्याला, डंकनला, जाऊन चार वर्षं झाली होती. किल्डॅरनच्या रानात वीस हजार मेंढ्या, चाळीस माणसं आणि त्या सगळ्याची मालकीण एक अठ्ठावन्न वर्षांची, मूलबाळ नसलेली विधवा. "काकूच्या हाताशी आपलं कोणीतरी हवंच," असं म्हणत मर्डोकने जानेवारीत मुलाला तिच्याकडे आणून ठेवलं होतं. पोरगा वागायला गोड. सकाळी उठल्यावर काकूच्या गालाची पापी घ्यायचा, खुर्ची ओढून द्यायचा. त्या गुरुवारी तो कुंपणं बघायला घोड्यावरून गेला होता आणि वही टेबलावर उघडीच राहिली होती.

एफी वाचणार नव्हती. पण पानावर 'काकू' हा शब्द दिसला आणि नजर तिथेच अडकली.

'३ मार्च. काकूने टेबलावर काकांची बशी मांडली. विचारल्यावर गोंधळली. ९ मार्च. तळ्यापर्यंत अनवाणी गेली, नोकरांनी पाहिलं. १४ मार्च. व्हरांड्यात एकटीच बोलत होती. डंकन हे नाव चार वेळा. २१ मार्च. धनगराच्या मुलीला आणखी पुस्तकं पाठवली, चामड्याच्या बांधणीची. २६ मार्च. विनाकारण रडली, मग लगेच हसली.'

सगळं खरं होतं. एकतीस वर्षं दोन बश्या मांडल्यावर हात आपोआप दुसऱ्या बशीकडे जायचा. तळ्यावर ती अनवाणी गेली होती, कारण करंगळीचा घट्टा बुटात ठणकत होता. डंकनशी ती बोलायची. लोकरीचा भाव, कुत्रीची बाळंतपणं, असलंच काहीबाही. आणि विनाकारण कोण रडत नाही? पण एकाखाली एक, तारखेनिशी, सुबक अक्षरात लिहिलेलं वाचताना तिला वाटलं, ही बाई कोण? हिच्याजवळ कात्री ठेवू नये.

शेवटची ओळ आदल्या दिवशीची होती. 'रविवारी जेवायला डॉ. पेटिग्र्यू आणि मेलबर्नचे डॉ. हॅसलम. दोघांनी एकदा पाहिलं की काम झालं.'

तिने वही होती तशीच ठेवली. टाकसुद्धा होता तसाच तिरका ठेवला. मग बाहेर येऊन व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

दोन डॉक्टर म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती नऊ वर्षांची असताना, तिकडे स्कॉटलंडात, तिच्या घरी असेच दोन सभ्य गृहस्थ चहाला आले होते. एकाने आईच्या विणकामाचं कौतुक केलं होतं. दुसऱ्याने हसत हसत विचारलं होतं, आज वार कोणता हो? पुढच्या आठवड्यात दाराशी बंद गाडी उभी राहिली. आई गाडीत चढताना मागे वळून म्हणाली, "एफी, चुलीवर सूप आहे, लागेल बघ." बस, एवढंच. वेड्यांच्या इस्पितळात ती अकरा वर्षं जगली आणि घरातल्या कोणी तिचं नाव पुन्हा काढलं नाही. एफी जहाजात बसून जगाच्या या टोकाला आली, मोठी मालकीण झाली, पण कुठेही दोन पुरुष एकदम घरात शिरले की ती आधी दाराशी बंद गाडी उभी आहे का ते बघायची. अजूनही बघायची.

हे सगळं सुरू झालं होतं इझोबेलमुळे. इझोबेल रेनी ही किल्डॅरनवरच्याच एका धनगराची मुलगी. लोकरीच्या गठ्ठ्यांवरची अक्षरं बघून बघून ती आपली आपण वाचायला शिकली होती. एफीने तिला शाळेत घातलं, मग मेलबर्नला पाठवलं. गेल्याच वर्षी विद्यापीठाने पहिल्यांदा मुलींना डॉक्टरकी शिकायला घेतलं, त्यांत ही होती. आणि तीन महिन्यांत घरमालकिणीने तिला सामानासकट रस्त्यावर काढलं, कारण पलंगाखालच्या पेटीत माणसाचा हात सापडला. म्हणजे हाताची हाडं, दोरीत ओवलेली, अभ्यासाची. पुढच्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरात 'शिकणाऱ्या पोरी नकोत' म्हणून दारच उघडलं नाही. इझोबेलने हे सगळं पत्रात गंमत म्हणून लिहिलं होतं. एफीला मात्र गंमत वाटली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की शहरात एक मोठं घर बांधायचं. शिकणाऱ्या मुलींचं घर. चाळीस खोल्या, दिवे, शेकोट्या, आणि पलंगाखाली कोणाला काय ठेवायचं ते ठेवू दे. तीस हजार पौंड. मेंढ्यांचं रान राहिलं काय, विकलं काय.

नाताळच्या जेवणात तिने हे घरच्यांना सांगितलं तेव्हा मर्डोक हसला होता. "वहिनी, उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला," म्हणाला. दहा दिवसांनी अ‍ॅलिस्टर आपली ट्रंक घेऊन आला.

नोरा टली स्वयंपाकघरात कोंबडी सोलत होती. वीस वर्षं या घरात काढलेली आयरिश बाई, मालकिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. एफीने दार लावून घेतलं आणि वहीचं सगळं सांगितलं. नोराचे हात थांबले नाहीत.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढी पापी घेणारा पोरगा बरा नव्हे."

"नोरा, खरं सांग. मी कशी दिसते? म्हणजे परक्या माणसाला?"

"दमलेल्या."

"माझ्या आईचं ठाऊक आहे ना तुला?"

"आईचं ठाऊक आहे, तुमचंही ठाऊक आहे." नोराने पिसं पाटीत टाकली. "पळून जाऊ म्हणताय?"

"पळाले तर तेही वहीत जाईल. पण शहरात वकिलाकडे कागद तयार आहेत. महिनाअखेरीला सह्या करायच्या होत्या. त्याआधी त्या दोघांच्या सह्या झाल्या, तर माझ्या सहीला किंमत उरत नाही. मी स्वतःच्या चपला घ्यायलासुद्धा मर्डोकला विचारायचं."

"मग उद्याच निघा की."

शुक्रवारी सकाळी एफीने बग्गी जोडायला सांगितली. म्हातारा गाडीवान हेक्टर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि बुटांकडे बघत बोलला, "चाक लोहाराकडे गेलंय, बाई." चाक तिला खिडकीतून दिसत होतं. "दोन्ही चाकं?" तिने विचारलं. हेक्टर पुटपुटला, "छोट्या साहेबांनी सांगितलंय, त्यांना विचारल्याशिवाय जोडायची नाही. तुमच्याच भल्यासाठी म्हणाले." हे बोलताना त्याचा आवाज असा मऊ झाला, जसा आजारी जनावराशी बोलताना होतो. त्या मऊपणाने एफीला वहीपेक्षा जास्त धडकी भरली. म्हणजे यालाही पटलंय. आवारातल्या सगळ्यांनाच पटलंय की काय?

त्या दिवसापासून तिचं स्वतःचंच घर तिला परकं झालं. जिन्यावरून उतरताना पायऱ्या मोजायची सवय होती, ती मोजता मोजता दचकून थांबली. चहात साखर दोनदा घातली गेली आणि तिने चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. अ‍ॅलिस्टरने विचारलं, "काकू, झोप लागली ना?" तेव्हा ती तत्काळ म्हणाली, "छान लागली." लगेच वाटलं, फार पटकन बोलले का? आरशासमोर उभी राहून ती शहाण्या माणसाचा चेहरा करून बघायला लागली आणि थोड्या वेळाने तिला कळेना, आपला नेहमीचा चेहरा होता तरी कसा.

शनिवारी नोरा अंडी विकायला टॅरनबी गावात गेली आणि तार करून आली. तारमास्तर बोलघेवडा, म्हणून एफीने मजकूर असा दिला होता: 'टोपी घ्यायला सोमवारी येते. तयार ठेवा.' वकील ऑर्मिस्टन म्हातारे असले तरी हुशार होते. समजतील, अशी तिची आशा.

रविवारी चर्च सुटल्यावर पाहुणे आले. मर्डोक पुढे, त्याच्यामागे जाडजूड डॉक्टर पेटिग्र्यू, ज्यांनी डंकनच्या शेवटच्या आजारात तीन महिने औषध देऊन काही गुण आणला नव्हता, आणि सर्वांत मागे एक किडकिडीत, पिंगट दाढीचा माणूस.

"हे मिस्टर हॅसलम," मर्डोक म्हणाला. "पक्ष्यांची अंडी जमवतात. म्हटलं, वहिनींच्या रानात काकाकुव्यांची कमी नाही."

"या," एफी म्हणाली. तिने हात पुढे केला. हॅसलमने तो हातात घेतला आणि क्षणभर जास्तच धरून ठेवला. बोटं नाडीवर होती.

जवाचं सूप आलं. शहाणी बाई सूप कसं पिते? एफीला तो चमचा हातात आयुष्यात पहिल्यांदाच आल्यासारखा वाटला. चमच्यातलं सूप थरथरत होतं, म्हणून तिने तो परत बशीत ठेवला, आणि ठेवला हे चौघांनी पाहिलं.

"इतक्या आडरानात वारबीर लक्षात राहतात का हो तुमच्या?" हॅसलमने ब्रेडचा तुकडा मोडत सहज विचारलं.

तिच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. तोच प्रश्न. पन्नास वर्षांनी, समुद्रापलीकडे, तोच.

"आज रविवार," ती म्हणाली. "आठ एप्रिल, अठराशे अठ्ठ्याऐंशी." शाळेतल्या पोरीसारखं तिचं उत्तर बाहेर पडलं. अ‍ॅलिस्टर बशीत बघून हसला.

मग एकेक सुरू झालं. मेंढ्या किती? गेल्या हंगामात लोकर किती निघाली? राणीच्या राज्याला वर्षं किती झाली? एफी एकेका उत्तराआधी मनात दोनदा तपासून बघत होती, त्यामुळे प्रत्येक उत्तराला उशीर होत होता. तो उशीर हॅसलमच्या डोळ्यांत नोंदवला जात होता. भाजलेलं मटण आलं, गेलं. तिने खाल्लं की नाही, ते तिला आठवेना.

"आणि डंकनशी बोलणं होतं ना अजून, वहिनी?" मर्डोकने अगदी मायेने विचारलं. "सांगा की. घरचीच माणसं आहेत."

नोरा दारात बटाट्यांचं भांडं घेऊन खिळल्यासारखी उभी राहिली. 'नाही' म्हणावं तर वहीत तारखेसह आहे, नोकरांनी ऐकलंय. 'हो' म्हणावं तर संपलंच. आणि मग, शूरपणाने नव्हे, निव्वळ दमल्यामुळे, ती म्हणाली,

"डॉक्टर हॅसलम, तुम्ही अंडी जमवत नाही. तुम्हाला काय विचारायचं ते सरळ विचारा. हे असं मला जमत नाही."

हॅसलमने तोंड पुसलं.

"ठीक," तो म्हणाला. "नवऱ्याशी बोलता?"

"बोलते."

"ते उत्तर देतात?"

"जिवंत होते तेव्हाही फारसं देत नसत. आता तर नाहीच. ज्या दिवशी देतील त्या दिवशी मीच तुम्हाला बोलावणं पाठवीन."

"हे पैसे परक्यांच्या मुलींना का द्यायचे?"

"त्यांना राहायला जागा नाही म्हणून." तिला यापुढे खूप काही सांगायचं होतं. हाडांची पेटी, भर रस्त्यात ट्रंकेवर बसलेली इझोबेल. पण तेवढ्यात शेजारून घुर्र असा आवाज आला. डॉक्टर पेटिग्र्यू. तिसऱ्या ग्लासानंतर ते जे पेंगले होते ते खरोखरच झोपले होते, आणि त्यांची दाढी हळूहळू समोरच्या कस्टर्डमध्ये बुडत चालली होती.

एफी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर रुमाल धरून, मग रुमाल काढून. थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, बरगड्या दुखायला लागल्या, आणि हसता हसता तिला स्पष्ट दिसत होतं की मर्डोक समाधानाने खुर्चीत मागे रेलतोय आणि अ‍ॅलिस्टरचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेलाय. तरीही थांबता येईना. आई अशीच हसत असेल का?

जेवणानंतर हॅसलमने तिला व्हरांड्यात गाठलं.

"तुमची आई वेड्यांच्या इस्पितळात वारली, खरं का?"

"खरं."

"आपलंही तसंच होईल अशी भीती वाटते?"

"रोज," एफी म्हणाली. खोटं बोलायला आता अंगात त्राणच नव्हतं.

त्याने मान हलवली आणि तो टोपी घालून बग्गीत जाऊन बसला. काय लिहिणार, काही कळू दिलं नाही. मर्डोक आणि अ‍ॅलिस्टरही बरोबर गेले. रात्री सगळे पेटिग्र्यूंकडे राहणार होते. जाताना अ‍ॅलिस्टरने काकूची पापी घेतली आणि बग्गीचे दोन्ही घोडे नेले.

सोमवारी सकाळी सातला शेजारच्या रानातली श्राम बाई नेहमीप्रमाणे सायीचे कॅन घेऊन फाटकाशी आली. ही जर्मन विधवा कोणाच्या अध्यात ना मध्यात, बोलायची तीही आपल्या घोड्याशीच. नोराने तिला काय सांगितलं कोण जाणे. तिने एफीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन कॅन सरकवले आणि म्हणाली, "बसा. हलायचं नाही, साय फुटते."

टॅरनबीला न जाता त्या पलीकडच्या छोट्या थांब्यावर गेल्या, जिथे झेंडी दाखवली तरच आगगाडी थांबते. दोन तास एफी कॅनांमध्ये अंग चोरून बसली होती. मागे धूळ उठली की घोडेस्वार वाटायचा. एकदा खरंच घोडेस्वार होता. जवळ आला, टोपी उचलली आणि निघून गेला, कोणा दुसऱ्याच रानातला माणूस. तिच्या तळहातात नखांच्या खुणा उठल्या होत्या.

गाडी मिळाली. डब्यात ती एकटीच होती. आणि मग वीस मिनिटांनी टॅरनबी स्टेशन आलं. गाडी थांबली, दार उघडलं आणि हातात कातडी बॅग घेऊन डॉक्टर हॅसलम आत आला.

एफीने दुसऱ्या बाजूच्या दाराकडे पाहिलं. तिकडे रूळ होते. मनात आलंही. पण गाडी सुटली.

"एकट्याच?" तो समोर बसला.

"हो."

"कुठे?"

"टोपी घ्यायला."

हॅसलमने बॅग मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पेटिग्र्यूंनी सही केली. काल रात्री, जेवणानंतर."

"ते तर झोपले होते."

"फॉर्मवर तसा रकाना नाही." त्याने बॅग थोपटली. "माझा कागद कोरा आहे. त्यात लिहावं लागतं, मी स्वतः काय पाहिलं. मी काय पाहिलं? एक बाई घाबरली होती. एका माणसाची दाढी कस्टर्डमध्ये पडली आणि ती हसली. मीही हसणार होतो, पण माझी फी ठरली होती."

एफीला वाटलं, हा सापळा असू शकतो. माणसाला बोलतं करायची हीही रीत असेल.

"लोक म्हणतात, ज्याला आपण वेडे असू अशी भीती वाटते तो वेडा नसतो," हॅसलम पुढे म्हणाला. "खोटं आहे. वेड्यांनाही वाटते, फार वाटते. तेव्हा तुमच्या भीतीवरून मी काही सांगू शकत नाही. तुम्ही शहाण्या आहात असं प्रमाणपत्र माझ्याकडे मागू नका."

"मी मागितलेलं नाही."

"बरं. फक्त एक सांगतो. तुमचे दीर गप्प बसणारे नाहीत. शहरात डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांनाच माझ्यासारखा कोरा कागद परत नेणं परवडत नाही. दोन दिवस, फार तर तीन." मग त्याने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. मेलबर्न येईपर्यंत ते खाली आलं नाही. उतरताना मात्र घड्याळ बघत म्हणाला, "टोप्यांची दुकानं पाचला बंद होतात."

वकिलाच्या कचेरीत पोचायला तीन वाजले. म्हातारे ऑर्मिस्टन चष्मा पुसत बाहेर आले. "तुम्ही? अहो, परवा मला एक तार आली, कोणातरी बाईची टोपी. मी टोपीवाल्याकडे पाठवून दिली."

कागद तयार नव्हते. मसुदा होता, स्वच्छ प्रत व्हायची होती. कारकून लिहायला बसला. एफी त्याच्या समोर खुर्चीवर बसून राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची. कारकुनाने एकदा टाक खाली ठेवून बोटं मोडली, तेव्हा त्याला धरून हलवावं असं तिला वाटलं. इझोबेलला निरोप गेला होता. ती चारला धावत आली, हाताला औषधांचा उग्र वास, केसांची एक बट सुटलेली. एफीचा चेहरा बघून काही न विचारता ती शेजारी बसली.

पाचला दहा मिनिटं असताना कागद समोर आला. एफीचा हात असा कापत होता की नावातलं पहिलंच अक्षर फरफटत गेलं.

"थांबा जरा, पाणी प्या," ऑर्मिस्टन म्हणाले.

"नको. असंच चालेल का?"

"अक्षर कसंही चालतं."

तिने सही पूर्ण केली. पाच विश्वस्तांच्या हाती तो पैसा गेला. आता तो तिचाही नव्हता, मर्डोकचाही नाही.

ती किल्डॅरनला परत गेली नाही. इझोबेलच्या भाड्याच्या खोलीतच राहिली, त्याच पेटीवर पाय ठेवून, जिच्यात तो हात होता. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "इझोबेल, तू डॉक्टर होणार आहेस. तू तरी सांग. मी वेडी आहे का गं?"

इझोबेल जमिनीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिने बराच विचार केला. "ते चौथ्या वर्षाला असतं, बाई. मी अजून हाडांवरच आहे."

मर्डोकने कोर्टात अर्ज केला. सही करणारी बाई त्या दिवशी भानावर नव्हती, असा त्याचा दावा. तिथे हॅसलमला बोलावणं गेलं. त्याने सांगितलं की सहीच्या आदल्याच दिवशी याच गृहस्थांच्या सांगण्यावरून मी बाईंना तपासलं आणि लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. पेटिग्र्यूंना न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं? त्यांना सांगता आलं नाही. महिन्याभरात अर्ज मागे घेतला गेला. त्या महिनाभरात एफी सात पौंडांनी उतरली.

घर दोन वर्षांनी उभं राहिलं. उद्घाटनाला मर्डोकही आला. गॅलब्रेथ घराण्याला विद्येची पहिल्यापासून कशी ओढ, यावर त्याने छान भाषण केलं आणि वहिनीचा हात धरून तिला पायऱ्यांवरून खाली नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या बोटांखाली एफीचा दंड बर्फासारखा गार पडला होता. ती हसत राहिली आणि पायरी आली की पायरी उतरत राहिली.

ती त्या घरातच तळमजल्यावर राहायला आली. नोराही आली आणि मुलींना जेवणावरून रागवू लागली. पुढची सतरा वर्षं एफी तिथे होती. भीती गेली नाही. अनोळखी पुरुष फाटकातून आत आला की ती खोलीत जायची, आणि थोड्या वेळाने चेहरा धुऊन बाहेर यायची. डॉक्टर इझोबेल रेनी दर बुधवारी तिला भेटायला यायची. चौथं वर्ष कधीच होऊन गेलं होतं, पण तो प्रश्न दोघींनी पुन्हा काढला नाही.

एका फेब्रुवारीत नव्या मुली आल्या त्या दिवशी दिवाणखान्यात एक मुलगी ट्रंकेवर बसून होती. कोटसुद्धा काढला नव्हता. सगळ्या वर गेल्या, ही जागची हलेना. एफी काठी टेकत तिच्याजवळ गेली.

"नाव काय गं?"

"विनिफ्रेड ऑड. मी परत चाललेय. साडेपाचची गाडी आहे."

"का बरं?"

"इथे सगळ्यांना लॅटिन येतं. वर दोघी जणी लॅटिनमध्ये भांडत होत्या. मला वाटलं होतं मला येतं." तिने कोटाचं बटण पिरगळलं. "आमच्याकडे फक्त मेंढ्या आहेत. मी इथे मरेन, आजी."

कोणीतरी पहिल्यांदाच तिला आजी म्हणत होतं. एफी तिच्या शेजारी ट्रंकेवर टेकली. ट्रंक छोटी होती, दोघींना कशीबशी पुरली.

"मेंढ्या कुठल्या? मेरिनो?"

"हो."

"कशा आहेत यंदा?"

"पायांना रोग पडलाय. ओलीमुळे." मुलीने नाक पुसलं. "तुम्हाला येतं लॅटिन?"

"नाही. मी दहाव्या वर्षी शाळा सोडली."

"मग इथे भीती नाही वाटत तुम्हाला? या सगळ्यांत?"

"वाटते," एफी म्हणाली. "पण आता साडेतीनच वाजलेत. गाडीला वेळ आहे. नोराने थंड मटण कापून ठेवलंय. काही खाल्लंस का सकाळपासून?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली. एफीने काठी टेकून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा विनिफ्रेडने तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. दोघी स्वयंपाकघराकडे निघाल्या. ट्रंक तिथेच राहिली.